सोनेरी उद्याचा आवाज

गावात सगळे ज्याला रेडिओ म्हणत, त्याचा गळा देवानं फुरसतीत घडवला होता आणि उरलेला माणूस घाईत. खांदे पडलेले, केस विरळ, सदरा कायम एका बाजूनं बाहेर. पण रिक्षात बसून त्यानं माइक तोंडाशी धरला, की टपावरच्या कर्ण्यातून असा काही आवाज निघायचा की भांडणारी माणसंही हात वरच ठेवून ऐकत राहायची. 'उद्या दिवसभर पाणी येणार नाही' हे त्यानं सांगितलं, तरी कुणीतरी आपल्याला काही बहाल केलंय असं लोकांना वाटायचं.

घरी मात्र हा आवाज चपलांबरोबर दारातच राहायचा. बायकोनं काही विचारलं की "अं... म्हणजे... बघू" एवढीच खरखर. "स्टेशन लागत नाही वाटतं," ती म्हणायची.

बायको कामाची. बस स्टँडच्या दारासमोरच्या गल्लीत शिलाई मशीन मांडून बॅगांच्या चेनी बदलून द्यायची. या धंद्याचं एक आहे, घरून ठरवून कुणी बिघडलेली चेन घेऊन येत नाही. बसमधून उतरताना बॅग आ वासते, आतले कपडे चारचौघांत डोकावू लागतात आणि माणूस लाजेनं समोर दिसेल त्या मशीनकडे धावतो. मशीन बसपासून लांब गेलं, की संपलं. मग तिथे माश्या मारण्याखेरीज काम नाही.

आणि गल्ली हलवायचंच घाटत होतं. सगळ्या टपऱ्या उचलून नव्या बाजारसंकुलात न्यायच्या. त्याची जाहिरात रेडिओकडे आली. गादीसारखा स्पंज चिकटवलेल्या खोलीत जाहिरातवाल्या साहेबांनी त्याला मजकूर दिला: 'स्वाभिमानानं जगणं हा तुमचा हक्क! चला, सोनेरी उद्याकडे... एक पाऊल, आपल्या माणसांसाठी!'

रेडिओनं दोनदा वाचलं. "साहेब, हे आहे नक्की कुठे?"

"तुम्ही पण ना!" साहेब हसले. "लोकांना आधी भावना द्यायची असते. पत्ता काय, मागाहून देता येतो."

"नाही, म्हणजे बस वगैरे..."

"'आपल्या' या शब्दावर जरा थांबा. गळा दाटला पाहिजे."

गळा दाटला. एवढा, की स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकताना रेडिओच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बसचा प्रश्न त्या पाण्यात वाहून गेला.

आठवडाभर ते गल्लीत वाजत राहिलं. "चांगली आहे ना हो जागा?" बायकोनं एकदा कणीक मळता मळता विचारलं. "अं... चांगलीच असेल," तो म्हणाला. त्याला वाटलं, पगारी बोलणं ती ओळखतेच. तिला वाटलं, नवरा एवढं घसा फोडून सांगतोय, म्हणजे विचारूनच सांगत असणार. एका घरात राहणाऱ्या दोन माणसांचा याहून मोठा गोंधळ होत नाही.

टपऱ्या हलवायच्या की नाही, हे हात मोजून ठरवायला गल्लीवाल्यांची सभा बोलावली होती. त्या दुपारी रेडिओ माइकची वायर सोडवत होता, तेव्हा बायकोच्या शेजारच्या टपरीतला चावीवाला जवळ आला.

"काय रेडिओ, तिथे बस दारातच थांबते ना?"

"मला काय माहीत?"

"थट्टा पुरे! वहिनी तर सगळ्यांना सांगत फिरतायत, आमच्या ह्यांनी खात्री केलीय म्हणून. मी तुझ्या भरवशावर हात वर करणार आहे, बाबा."

रेडिओनं वायर तशीच टाकली. बायको पहिल्याच रांगेत बसली होती. त्यानं डोळ्यांनी खुणावलं. तिनं त्याला सदरा खोचायची खूण केली.

तोवर अध्यक्ष उभे राहिलेसुद्धा. "आपल्या मुलाबाळांच्या उज्ज्वल उद्याच्या बाजूनं जे असतील, त्यांनी हात वर करावेत!"

आता यावर हात खाली कोण ठेवणार? ठेवला तर आपण पोरांच्या वाईटावर टपलोय असा अर्थ.

रेडिओनं झडप घालून माइक घेतला. "बंधू-भगिनींनो! तिथे बस थांबते की नाही, मला माहीत नाही! ती जागा मी पाहिलेली नाही!"

पण माइक हातात आला होता, त्यामुळे आवाज त्या सवयीनंच निघाला: भरदार, थरथरता, शेवटी किंचित दाटलेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानं आणखी जोर लावला. "पाण्याचा नळ आहे का, हेही कुणी सांगितलेलं नाही!" मागून कुणीतरी शिट्टी मारली. हात भराभर वर गेले, सगळ्यांत आधी बायकोचा. अध्यक्ष मोजायला लागले.

रेडिओनं माइक टेबलावर टाकला आणि धडपडत तिच्याजवळ गेला.

"अगं... म्हणजे... ते मी नुसतं वाचलं. मी कुणाला... विचारलंच नाही."

तिचा हात हवेतच राहिला. "म्हणजे? आठवडाभर कोण ओरडत होतं?"

"मीच. पण ते लिहून दिलेलं होतं."

"आणि मी साऱ्या गल्लीपुढे तुमच्या नावानं शपथा घेतल्या!"

तिचा हात खाली आला. ते पाहून चावीवाल्यानं आपला हात डोकं खाजवायला वळवला. ती उभी राहून अध्यक्षांशेजारी बसलेल्या जाहिरातवाल्या साहेबांकडे वळली.

"साहेब, बस कुठे थांबते?"

"ताई," साहेब मधाळ हसले, "प्रश्न बसचा नाही, विश्वासाचा आहे."

"विश्वास घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही. बिघडलेली चेन घेऊन येतात."

"आपण सारे एक कुटुंब आहोत, ताई."

"मग कुटुंबाला आधी घर तरी दाखवा!"

हशा पिकला. काही हात खाली आले, बरेच वरच राहिले. उज्ज्वल उद्या सोडवत नाही कुणाला. अध्यक्षांनी कपाळ पुसलं आणि मोजणी पुढच्या आठवड्यावर ढकलली. जाताना साहेबांनी रेडिओच्या पाठीवर हात ठेवला. "उद्यापासून येऊ नका." एवढं स्वच्छ वाक्य ते प्रथमच बोलले असावेत.

घरी परतताना बायको चार पावलं पुढे चालत होती. वर राहिलेले हात रेडिओच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यातले निम्मे तर त्याच्याच आवाजानं वर नेले होते, आणि आता ते खाली आणायला त्याच्याजवळ माइकही नव्हता.

"सकाळी जाऊ आणि बघून येऊ," ती मागे न वळता म्हणाली. "चावीवाल्या भाऊजींनाही घेऊ. नुसतं तुमचं कोण ऐकणार आता?"

"कुठल्या बसनं जायचं?"

ती थांबली. तोही थांबला. दोघांनाही ठाऊक नव्हतं.