बिलियर्डच्या कापडाला पेजेची खळ

लाखनीला हमरस्त्यालगत आमचं धानाचं गोदाम होतं. उन्हाळा संपता संपता ते रिकामं व्हायचं आणि दिवाळीनंतर नवं धान येईपर्यंत रिकामंच पडून राहायचं. या रिकाम्या महिन्यांचं सोनं करावं म्हणून, एकोणीसशे ऐंशीच्या आसपास, मी नागपूरच्या एका बंद पडत चाललेल्या क्लबातून बिलियर्डचं टेबल उचलून आणलं. उचलून आणलं हे म्हणायला. हिरव्या कापडाच्या खाली दगडाच्या जाडजूड लाद्या असतात, हे मला ट्रकमधून टेबल उतरवताना समजलं, आणि हमालांनी मला जे काही ऐकवलं ते बाबांनी ओट्यावर बसून समाधानानं ऐकलं.

"धान आलं का खोली माझी," बाबा म्हणाले. "तवापर्यंत तुझ्या टेबलानं आपलं पोट आपण भरलं तर पाहू. नाही तर सरपणात घालीन."

माझ्या हाताला आयुष्यात एकच गोष्ट धड जमली होती, ती म्हणजे हा खेळ. कॉलेजात असताना पुस्तकं सोडून मी तेवढंच शिकलो होतो. म्हणजे ते टेबल गेलं असतं तर नागपुरात काढलेली सगळी वर्षं बुडीत खात्यात. आणि मला जन्मभर गोदामात पोती शिवत बसावं लागलं असतं.

लोक मात्र यायला लागले. शाळेतले मास्तर, राइस मिलचे मुनीम, आणि रस्त्यावर गाडी लावून हातपाय मोकळे करायला उतरलेले ट्रक ड्रायव्हर. त्यातल्या एका सरदारजीनं खेळायची काठी गियरच्या दांड्यासारखी धरली, जोरात पुढे रेटली, आणि टेबलाच्या ऐन मध्यावर कापड वीतभर फाटलं.

"कपडा पुराना था, भैया," तो मला म्हणाला. खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला.

नागपूरला चौकशी केली. असलं कापड कलकत्त्याहून मागवावं लागतं म्हणे. भाव ऐकल्यावर मी दुकानातल्या स्टुलावर बसलो, पाणी मागून प्यायलो आणि परतीची एसटी धरली. बाबांना हा आकडा सांगितला असता तर टेबलाच्या आधी मीच सरपणात गेलो असतो.

गोदामाच्या शेजारी एक शिंपी बसायचा. झिजलेल्या कॉलरी पलटवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या काळी शर्टाची कॉलर विरली की उसवून, उलटी करून पुन्हा शिवून घ्यायची आणि आणखी दोन वर्षं शर्ट घालायचा, हे घरोघरी चालायचं. मी त्याला विचारलं, कॉलर पलटते तर हे कापड का पलटणार नाही?

"काहून नाही पलटणार? नवरदेवावानी करून देतो, भाऊ," तो म्हणाला. मला असा उत्साही माणूस हवाच होता. आम्ही दोघांनी मिळून कडेच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटले, कापड काढलं, त्यानं फाटलेली जागा चांगली दुहेरी टाक्यांनी शिवली आणि आम्ही ते उलटं करून ठोकलं. कापडाला एकाच बाजूनं लव असते आणि दुसरी बाजू बारदानासारखी असते, ही बारीकसारीक गोष्ट आम्ही दोघांनीही मनावर घेतली नाही. कडेच्या उरलेल्या पट्ट्या शिंप्यानं मजुरी म्हणून मागून नेल्या आणि त्यांच्या टोप्या शिवून सानगडीच्या बाजारात विकल्या. पट्ट्या कापताना त्याचा हात जरा सैलच होता, हे मला पुढे कळणार होतं.

आता टेबलाच्या मधोमध एक जाड शिवण आली. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. लोकांनी त्या शिवणीला धुराच म्हणायला सुरुवात केली. चेंडू धुऱ्यावर उडी मारायचा आणि भलत्याच दिशेला जायचा. लोकांनी त्याचेही नियम केले. धुऱ्यावरून पलीकडे गेला तर दोन गुण, धुऱ्यावर अडकला तर पुन्हा पाळी. मी ओरडून सांगायचो की हा खेळ असा नाही. मुनीम शांतपणे म्हणायचे, "मंग कसा हाय, तुमीच खेळून दाखवा." मी खेळून दाखवायचो आणि माझाच चेंडू धुऱ्यावर अडकायचा.

अशात बँकेत नवे साहेब बदलून आले. नागपूरचे, तरुणपणी बिलियर्ड खेळलेले. टेबलाची खबर त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी निरोप धाडला की रविवारी येतो, टेबल बरं असलं तर गावातल्या अधिकाऱ्यांचा क्लबच काढू, महिन्याची वर्गणी ठरवू. बाबांच्या लेखी बँकेचा साहेब म्हणजे फार मोठा माणूस. ते म्हणाले, "साहेबानं क्लब काढला तर धान मी भाड्याच्या जागेत ठेवीन. साहेब नाही म्हणाले तर नाही."

म्हणजे सगळं त्या रविवारवर आलं. मला कापड ताठ आणि गुळगुळीत करायचं होतं. आता ताठ कापड म्हटलं की धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला एकच गोष्ट आठवते, ती मला आठवली. आमच्या घरी बाबांच्या धोतराला भाताच्या पेजेची खळ द्यायचे आणि धोतर कसं पाटासारखं उभं राहायचं. मी कापड पुन्हा काढलं, तळ्यावर नेऊन धुतलं, आणि हंडाभर पेज उकळायला ठेवली.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अवो, का करून राहिले?"

"खळ देऊन राहिलो. कडक होते."

"लोकरीच्या कापडाले? गरम?"

"तुले यातलं समजत नाही."

"नाही समजत," ती म्हणाली. "पण उंदरायले समजते."

गरम पेजेतून बाहेर आलं ते कापड चारही बाजूंनी आखडलं होतं. त्यात शिंप्याच्या सैल हातानं आधीच कडा खाल्लेल्या. मी, शिंपी आणि गोदामाचे दोन हमाल चार कोपऱ्यांना लोंबकळलो, पाय टेबलाला लावून ओढलं आणि कसंबसं ठोकलं. सुकल्यावर त्याच्यावर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. चेंडू सोडला तर सरळ पलीकडे जाऊन आदळून परत. त्या दिवशी मी गावात छाती काढून फिरलो.

शनिवारी झड लागली. दिवसभर हवा ओली.

रविवारी साहेब पांढराशुभ्र शर्ट घालून आले. बाबा स्वच्छ टोपी घालून दारात उभे. साहेबांनी काठी घेतली, सराईतासारखे वाकले, छाती टेबलाला टेकवून नेम धरला आणि मारला. चेंडू थोडा गेला, मंद झाला आणि चिखलात बसकण मारलेल्या म्हशीसारखा जागीच थांबला. साहेबांनी दुसरा मारला. तोही तिथेच. मग कोपऱ्यातल्या भोकातून मुंग्यांची रांग बाहेर आली आणि टेबल आडवं ओलांडून साहेबांच्या मनगटाकडे निघाली.

साहेब सरळ उभे राहिले तेव्हा शर्ट कापडाला चिकटला होता. तो सुटताना चर्र झालं. पुढून ते कंठापासून पोटापर्यंत पोपटी दिसत होते. तळ्यावर रंग सुटला होता, हे मला तिथे डुंबणाऱ्या म्हशींच्या हिरव्या पाठींवरून कळायला हवं होतं.

त्यांनी हात नाकाशी नेला. "वास कसला येऊन राहिला हा?"

"पेजेचा, साहेब."

"मग लोणचं तरी ठेवत जा."

बाबा हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं हमालाला घरून साबण आणि तांब्याभर पाणी आणायला सांगितलं, आणि साहेबांचा शर्ट स्वतः उभं राहून पुसवून घेतला. जाताना साहेब चांगल्या शब्दांत म्हणाले, "कापड नवं टाका, मंग बोलू." म्हणजे पुन्हा कलकत्ता.

त्यानंतर बायकोचं खरं झालं. उंदरांनी पेज लागलेली जागा शोधून शोधून खाल्ली. फक्त शिवण तेवढी त्यांना चाववली नाही, ती शाबूत राहिली.

दिवाळी झाली, धान आलं. मी कापडाचं उरलंसुरलं काढायला गेलो, तर बाबा म्हणाले, "राहू दे. बोरे सरकत नाही त्याच्यावर." आणि टेबलावर छतापर्यंत पोती रचली गेली. जमिनीची ओल लागत नाही, उंचावर राहतात, म्हणून बाबा बाहेरच्या व्यापाऱ्यांना आणून टेबल दाखवायचे. माझ्या टेबलाची त्यांनी केलेली ही पहिली तारीफ. मी बाजूला बसून दाभणानं पोत्यांची तोंडं शिवत होतो, आणि प्रत्येक टाक्याला हा माणूस मुद्दाम करतोय की काय, असं वाटायचं.

एका दुपारी एक ड्रायव्हर आत डोकावला. "टेबल कहाँ गया? फिर कब खुलेगा?"

मी बंद है म्हणणार, तेवढ्यात मागून बाबा बोलले. "धान बिकने के बाद."

मी दाभण खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. ते पोती मोजत होते. खोली मिळाली होती, न मागता मिळाली होती, आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण मला दिसत होती पोत्यांच्या फटीतून डोकावणारी ती कुरतडलेली हिरवी चिंधी.

"आणि कापड?" मी विचारलं.

"ते तुझं तू पाहा," बाबा म्हणाले. "धोतर मात्र मागू नको."