आखाडेसाहेबांचं ‘राहू द्या’

देशाच्या नियोजनाला मी पहिल्याच दिवशी गुरांच्या गोठ्यात नेऊन बसवलं, हे आधीच कबूल करते. नाहीतर गावातलं कुणीतरी सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

मी तेव्हा नुकतीच सरपंच झाले होते. साखऱ्याच्या अलीकडचं आमचं कोरडवाहू गाव. जागा बाईसाठी राखीव सुटली आणि घरच्यांनी मला उभं केलं. खरं तर सासूबाई उभ्या राहिल्या असत्या तर समोरच्याने नुसत्या धाकानं अर्ज मागे घेतला असता. पण त्या म्हणाल्या, “मला घरातच लई सरपंचकी हाय.” मग मी. अंगात नवी साडी, डोक्यात नवी हवा. ग्रामसेवकाचा फोन आला तो मोटारसायकलवरून, वाऱ्याच्या घोंघाटात. “बाई, उद्या आराखडा हाय. सगळ्या गावाला घेऊन या. तालुक्याचे साहेब येऊन राहिले.” मी ऐकलं ‘आखाडा’.

आमच्याकडे आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. शेतात गुरं बांधायला, औतं ठेवायला, राखणीला झोपायला जे खोपट असतं, तो आखाडा. साहेब लोकांना शेतातलं जेवण आवडतं असं ऐकून होतेच. झालं! पहाटेपासून आखाडा सारवून घेतला, बैलांच्या शिंगांना तेल लावलं, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, सगळं चुलीवर. दवंडी दिली. अख्खं गाव जेवायच्या ओढीनं शेतात, आणि साहेब बिचारे गावात, ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद दारासमोर.

शेवटी विचारत विचारत ते चालत आले. बुटाला ढेकळं लागलेली, काखेत कागदांची गुंडाळी. मी पुढे होऊन हार घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “साहेब, आखाडा तयार आहे!”

त्यांनी खोपटाकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, दाव्याला ओढ देणाऱ्या वासराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “बाई,” ते म्हणाले, “हा तर तयारच हाय. मला वाटलं, आपल्याला मिळून करायचा हाय.”

ग्रामसेवकानं कानात चूक सांगितली तेव्हा मला वाटलं, कडब्याच्या गंजीत शिरावं. साहेबांनी मात्र बूट काढले, बाजेवर मांडी घातली आणि म्हणाले, “राहू द्या. हितंच करू. कचेरीत बसलं की गाव दिसत न्हाई, नुसता पंखा दिसतो.” त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव आखाडेसाहेब ठेवलं. खरं नाव पुढे ग्रामसेवकही विसरला.

तर या साहेबांचं काम असं. वरून हुकूम निघाला होता की देशाचं नियोजन आता खालून वर जाणार. आधी गावाचा आराखडा, मग तालुक्याचा, जिल्ह्याचा, राज्याचा, आणि शेवटी दिल्लीचा. त्यात माणसाचं भलं आणि झाडापाण्याचं भलं एकाच दावणीला बांधायचं होतं. असे हुकूम येतात आणि जातात. बाकीचे साहेब मागच्या गावाचा कागद पुढच्या गावाला डकवून मोकळे होत. आखाडेसाहेबांनी मात्र तो हुकूम खरा मानला. एवढा एकच वेडेपणा त्यांच्यात होता, पण तो पुरेसा होता.

ज्या गोष्टीचं बोलायचं, त्या गोष्टीजवळ जाऊन बसायचं, ही त्यांची रीत. विहिरीची बैठक विहिरीवर. स्मशानाच्या शेडची बैठक स्मशानात. तिथं कुणी लांबण लावली नाही. शाळेच्या संडासाची बैठक संडासाच्या भिंतीला लागून घेतली, तर एरवी तासभर भांडणारी माणसं नाकाला रुमाल लावून चुटकीसरशी एकमतानं उठली. साहेब हसून म्हणाले, “बघा, वासानं किती शहाणपण येतं.”

माझे यजमान तेव्हा माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसत. प्रश्न मला, उत्तर त्यांचं. मीही मान हलवायची, नंदीबैलासारखी. साहेबांनी दोनदा ऐकून घेतलं. मग अगदी अदबीनं म्हणाले, “मालक, तुमी बोला की, काही तकलीफ न्हाई. फक्त बाईंचा आवाज काढून बोला. मला सरपंचाचंच लिहावं लागतं.” बायका पदरात तोंड घालून हसल्या. आमचे मालक त्यानंतर बैठकीला आले ते लांब लिंबाखाली बसायला. माझा आवाज असा मला मिळाला. मिळाल्यावर तो मी किती वापरला, हे मालकांना विचारावं.

साहेब हिंगोलीचे. त्यांचे अब्बा गावोगाव फिरून कल्हई करायचे. आमच्या सासूबाईंना ते आठवत होते. भाता, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यानं भांड्यात फिरवलेली चांदी. साहेब मला म्हणत, “अब्बांनी कुणाला नवं भांडं घ्या म्हणून सांगितलं न्हाई. आहे ते आतनं नीट करून द्यायचं. मीबी तेच करून राहिलो, आक्का. फक्त माझा भाता सरकारी हाय, फुंकला तरी हवा येत न्हाई.”

दुसऱ्या साहेबांचा पहिला प्रश्न असायचा, “काय पाहिजे?” हा प्रश्न विचारला की गाव सुटतंच. रस्ता पाहिजे, कमान पाहिजे, मंदिराला फरशी पाहिजे, मशिदीला पाहिजे, बुद्धविहाराला पाहिजे. आखाडेसाहेब उलटं विचारत: “काय राहू द्यायचं, ते आधी सांगा. काय पाहिजे ते मग.” पहिल्यांदा कुणाला कळेचना. आम्हाला ‘राहू द्या’ फक्त पाहुण्याच्या तोंडून ठाऊक. चहा ठेवते, राहू द्या. जेवून जा, राहू द्या. साहेब लाजाळू आहेत असंच आम्ही धरून चाललो. मग एका म्हाताऱ्यानं भीत भीत सांगितलं, वेशीबाहेरची चिंच राहू द्या. साहेबांनी लिहून घेतलं. अरेच्चा, हे पण लिहितात! मग दुसरा बोलला, तिसरी बोलली.

आणि इथंच माझं आणि त्यांचं बिनसलं.

गाव आणि गायरान यांच्या मध्ये एक लवण आहे. लवण म्हणजे खोलगट जागा. पावसाळ्यात भरते, होळीपर्यंत ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते. लव्हाळा, बेडूक, म्हशी आणि चिखल. मला तिथं सभागृह बांधायचं होतं. रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. निधीही मंजूर होण्यासारखा होता. पण खरं सांगू? मला सभागृह नकोच होतं. मला त्याच्या दारावरची संगमरवरी पाटी पाहिजे होती, माझ्या नावाची. नावाच्या आधी ‘सौ.’ घालायचं की ‘मा.’, यावर मी इतका विचार केला की दूध उतू गेलं. शेवटी ठरवलं, दोन्ही.

साहेबांनी नाही म्हटलं नाही. ते नाही म्हणतच नसत. दिवाळी झाल्यावर त्यांनी बैठक लावली, अर्थातच लवणात. घोट्यापर्यंत पाणी होतं. साहेबांनी पँट दुमडली, आत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “या, सभागृहात या सगळे.” गाव खिदळत पाण्यात उतरलं. मला नवी साडी पोटरीपर्यंत उचलून उतरावं लागलं. साहेब म्हणाले, “आता हितं आधीपासून कोण कोण बसतंय, ते सांगा. त्यांना उठवायचं हाय ना.”

म्हशी, एकजण म्हणाला. बगळे, दुसरा म्हणाला. अंबाडी भिजत घालायला जागा कुठं ऱ्हाईल, असं दोर वळणाऱ्यानं विचारलं. आणि मग माझ्या सासूबाई, काठावरून, काठी टेकून: “ह्या लवणाचं पाणी मुरून खालच्या हिरीला येतं. मी ह्या गावात आले तवापासनं ती हीर आटली न्हाई. तुझं सभागृह काय देईल गं हिरीला? भाषन?”

गाव हसलं. बेडकंही हसली असावीत. मी तशीच ओल्या पायांनी घरी गेले आणि त्या दिवशी सासूबाईंच्या भाजीत मीठ जास्त पडलं. चुकून नाही.

ग्रामसभेचा ठराव झाला: लवण राहू द्यावं. साहेबांनी तो आराखड्यात जसाच्या तसा लिहिला, कामांच्या रांगेत एक काम म्हणून. काही दिवसांत आराखडा परत आला. ‘काम’ या सदरात काम लिहावे, असा शेरा. साहेबांनी पुन्हा तेच लिहून पाठवलं. पुन्हा परत आला. मी विचारलं, “साहेब, काहून डोकं फोडून घेता? एवढी एक ओळ गाळा की.” ते म्हणाले, “आक्का, एवढी एकच ओळ गावाची हाय. बाकीचा आराखडा कुणाचाबी हाय.”

मग जिल्ह्याहून मोठे साहेब आले. गाडीतून उतरले, लवणाच्या काठावर उभे राहिले, बूट भिजणार नाहीत इतक्या अंतरावर. आखाडेसाहेबांना त्यांनी सगळ्या गावासमोर झापलं. हट्टापायी निधी परत गेला तर नोटीस निघेल, बढतीचं विसरा, असं सरळ सांगितलं. साहेब मान खाली घालून ऐकत होते. मग मोठे साहेब माझ्याकडे वळले. आवाजात एकदम साखर. “बाई, तुम्ही तर हुशार दिसता. सभागृहाच्या मागणीवर सही करा. मोकळी जागा आहे, सोनं होईल. दारावर तुमच्या नावाची पाटी लागेल.”

यांना पाटीचं कुणी सांगितलं? कुणी नाही. सरपंच म्हटलं की पाटी पाहिजेच असते, हे त्यांना ठाऊक होतं. मी इतकी ओळखीची, इतकी स्वस्त निघाले, याचा मला असा राग आला म्हणून सांगू! पेन माझ्या हातात होतं. आखाडेसाहेबांकडे पाहिलं. म्हटलं, खूण करतील, भुवई उचलतील. पठ्ठ्यानं मान वर केली नाही. सही केली असती तर त्यांची सुटका होती, माझी पाटी होती. आणि ते मला सांगायलाही तयार नव्हते.

मी म्हणाले, “मोकळी कुठं हाय साहेब? भरलेली हाय की.” आणि मग म्हशी सांगितल्या, बगळे सांगितले, अंबाडी सांगितली, खालची विहीर सांगितली. सासूबाईंचे सगळे शब्द मी माझे म्हणून खपवले. त्या मागेच उभ्या होत्या, पण त्यांनी तेवढ्यापुरता सुनेचा मान राखला. शेवटी मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “तुमचं सभागृह राहू द्या.”

लवण राहिलं. निधी गेला. नोटीस मात्र आखाडेसाहेबांना आली, बढती हुकली, आणि बदली झाली ती थेट कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या बाजूला. गावाला दुःख झालं तरी विनोद सोडवेना. “आखाडेसाहेब आखाड्यालाच गेले!” मी माफी मागायला गेले तर मलाच म्हणाले, “बरं झालं की. आता पत्ता सांगायला सोपं.” जाताना चहाला थांबा म्हटलं. काय म्हणाले असतील, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्या दिवशी मी ऐकलं नाही. कपबशी हातात कोंबली.

नंतर ते इकडून तिकडून फिरत राहिले. ईदला साहेबांच्या बायकोचा, भाभींचा, शीरखुर्मा डब्यातून यायचा, आमच्याकडून तोच डबा हळदीनं भरून जायचा. माझी सरपंचकी संपली, मी आजी झाले, दात गेले, आवाज राहिला. परवा सून म्हणाली, अंगणात सगळीकडे फरशी टाकू. मी म्हटलं, “काय राहू द्यायचं, ते आधी सांग.” तिला वाटलं, सासू चिकट आहे. वाटू दे. तुळशीपाशी आणि शेवग्यापाशी माती राहिली.

मागच्या हिवाळ्यात कळलं की साहेबांना लकवा झालाय. हिंगोलीला त्यांच्या घरी गेले. ती आमची शेवटची भेट; पुढे थोड्याच दिवसांत साहेब वारले. त्या दिवशी बाजेवर होते, अर्धं अंग गेलेलं, जीभ जड. भाभी म्हणाल्या, “देखो, कोन आया.” त्यांनी ओळखलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते आजारानं की कशानं, मी विचारलं नाही. मीच बडबडत राहिले. पाऊस, सोयाबीन, सासूबाई गेल्याचं. त्यांनी हात हलवून मला थांबवलं. एकेक शब्द ओढून काढावा तसं विचारलं, “लवण?”

“हाय.”

“बांधकाम?”

“न्हाई.”

“रस्ता... भराव?”

“कायबी न्हाई साहेब. चिखल हाय, म्हशी बसून राहिल्या. औंदा तर कुठली कोण जाणे, बदकं आलीत.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी उठून चपला शोधू लागले, तेव्हा मागून आवाज आला, तुटक पण स्वच्छ:

“आक्का... म्हंजे माझी नोकरी बराबर झाली.”