पत्र्यावरचा हात

नवरा गेल्यावर मावशी मामाच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत राहायची. खोली कसली, पाय पसरले की दार उघडायचं. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री, संध्याकाळी मामीची धुणीभांडी. लॉन्ड्रीत साबणाची पिंपं घेऊन येणारा ट्रक ड्रायव्हर एकदा तिला म्हणाला, "बाई, येता का? समुद्र दाखवतो." पिंपं उतरवून होईस्तोवर मावशीने विचार केला आणि गेली. पन्नाशीला टेकलेली बाई.

मामा म्हणाला, "आता या दारात पाय ठेवायचा नाही." मामी म्हणाली, "जिन्याखाली केरसुण्या ठेवू." ठेवल्याही.

ट्रकात नुसतं बसून राहणं मावशीला जमेना, म्हणून ती क्लीनर झाली. काचा पुसायची, चाकांची हवा बघायची, ट्रक मागे घेताना खाली उतरून उभी राहायची. ट्रकच्या पत्र्यावर एकदा हात मारला की थांब, दोनदा मारला की चल. इंजिनाच्या गोंगाटात शब्दाला कोण विचारतो? पण मावशी सुरुवातीला एकदा हात मारून वर "अहो, थांबता का जरा?" असंही म्हणायची. गोदामातले हमाल पोट धरून हसायचे.

समुद्र झाला, डोंगर झाले. चहाच्या टपरीवर तो आधी तिच्या हातात कप द्यायचा, मग स्वतः घ्यायचा. एवढंसंच, पण मावशीला आजवर कुणी आधी दिलं नव्हतं.

रस्त्यावरच्या पाट्या मात्र तो तिलाच वाचायला लावायचा. "तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं," म्हणायचा. लाडात येऊन वाचत गेली बिचारी. मग एका वळणावर समोरची सायकल त्याला दिसलीच नाही. मावशीने झेप घेऊन स्टिअरिंग ओढलं. सायकलवाला शिव्या घालत निघून गेला. हे दोघं ट्रक कडेला लावून बसून राहिले.

"कधीपासून?" मावशीने विचारलं.

"तू यायच्या आधीपासून."

"मग मला समुद्र दाखवायला आणलंत, की डोळे म्हणून?"



डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस सुकत चाललीय, गेलेली नजर परत येणार नाही. ट्रक थांबला असता तर दोघांनी घेतलेली भाड्याची खोलीही सुटली असती, आणि मावशीला दुसरं दार नव्हतं. मामाच्या जिन्याखाली केरसुण्या होत्या. म्हणून ती गाडी शिकली. मोकळ्या मैदानात तो शेजारी बसून नुसतं इंजिन ऐकायचा. "गिअर बदल. रडतंय ते." परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा लायसन हातात आलं.

पण ती चालवायला लागली तसा तो ट्रकात चढेना. "क्लीनरच्या जागेवर बसू? मी?"

"मी बसलेच की इतके दिवस."

"तू बसलीस गं."

तो खोलीवरच राहायला लागला. सकाळी भिंत चाचपत बाहेर यायचा, पत्र्यावर दोनदा हात मारायचा, की मावशी निघायची.

एका सकाळी हात एकदाच वाजला.

मावशीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं?"

"कुठे काय? जा की. माल खोळंबलाय."

"एकदाच मारलात."

"हात दुखतोय."

दुखत नव्हता, हे तिला कळलं. आज उतरले तर उद्याही उतरावं लागेल, मग ट्रक उभाच राहील, हेही कळलं. ती बराच वेळ तशीच बसली. तोही भिंतीला टेकून उभा राहिला, दुसऱ्यांदा हात मारला नाही. शेवटी तिने गिअर टाकला.

परत आली तेव्हा दाराला कुलूप. किल्ली घरमालकिणीकडे.

"त्यांच्या बहिणीचा मुलगा घेऊन गेला त्यांना. पत्ता देऊ नका म्हणाले."

"आणखी काही?"

"म्हणाले, इंजिनातलं ऑइल बघत जा म्हणावं तिला."

मावशी अजून ट्रक चालवते. एकटीच. गोदामात ट्रक मागे घेताना एखादा हमाल पत्र्यावर एकदा हात मारतो. मागची जागा संपलेली असते, दुसरं काही नाही. मावशी ब्रेक दाबते, इंजिन बंद करते, आणि हमाल पुढे येऊन काच वाजवेपर्यंत तशीच बसून राहते.