नदीपलीकडचं राजकारण आणि आमची आमटी

कॅनडात राहून अमेरिकेच्या निवडणुकीपायी पराभूत झालेला मी बहुधा एकमेव मराठी माणूस आहे.

आम्ही विंडसरला राहतो. आमच्या आणि अमेरिकेच्या मध्ये फक्त एक नदी आहे, पलीकडे डेट्रॉइट. व्हिसा, पूल, कस्टमवाल्याचे प्रश्न, ही सगळी कटकट माणसांसाठी. टीव्हीला यातलं काहीच लागत नाही. छपरावरचा अँटेना जरा उत्तरेकडे वळवला की अमेरिका थेट दिवाणखान्यात! (हो, उत्तरेकडेच. आमच्या गावात अमेरिका कॅनडाच्या उत्तरेला आहे. नकाशा बघा, माझ्याशी भांडू नका.)

त्या वर्षी अमेरिकेत निवडणूक होती आणि मी ती सबंध उन्हाळाभर सोफ्यावर बसून लढलो. काय ती निवडणूक! उमेदवार विनोदी कार्यक्रमात येऊन स्वतःवरच विनोद करायचा. विनोदी नट त्याची नक्कल करायचे. दुसऱ्या दिवशी बातम्यांत त्या नकलेवर गंभीर चर्चा व्हायची आणि तिसऱ्या दिवशी उमेदवार स्वतः त्या नकलेसारखं बोलू लागायचा! कुणी टॉक शोमध्ये नाचत आला की त्याचे आकडे वर, कुणी घाम पुसताना दिसला की खाली. शेवटी शेवटी मला बातम्या बघून हसू यायचं आणि विनोदी कार्यक्रम बघून माहिती मिळायची.

"अरे, तुझं मत आहे का तिकडे?" मेधा, म्हणजे माझी बायको, विचारायची.

"मत नाही, पण मतं आहेत!"

त्याच सुमारास आमच्या कॅनडातही निवडणूक होऊन गेली. ती मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळली.

आता खरं दुखणं सांगतो. विंडसरला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली होती. आमच्या मराठी मंडळात मेधाला ओळखत नाही असा माणूस नव्हता. आणि मला? "हे मेधाचे मिस्टर." बस. कार्यक्रमात माइक शिट्टी मारायला लागला की, "अहो मेधाचे मिस्टर, जरा बघता का?" मंडळाची साउंड सिस्टिम मी सांभाळायचो, पण माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं. एका आजींनी तर मला दिवाळीच्या शुभेच्छांचं कार्ड पाठवलं होतं, त्यावर लिहिलं होतं, 'मेधा आणि कुटुंब'. कुटुंब म्हणजे मी! याचं मला मनापासून वाईट वाटायचं. त्या उन्हाळ्यात टीव्हीवर कुठून कुठून आलेल्या माणसांना लोक नावानं हाका मारताना बघून मी ठरवलं, की आपणही अध्यक्ष व्हायचं. मंडळाचे.

"त्यात काय एवढं?" मेधा म्हणाली. "ठोंबरेकाका तर दर वर्षी हातापाया पडतात, कुणीतरी घ्या रे म्हणून. एक फोन कर."

ठोंबरेकाका म्हणजे आमचे तहहयात अध्यक्ष, मूळचे नागपूरचे. मेधाही नागपूरची, म्हणून काकांचा मी जावई. मंडळाची रीत अशी, की दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी एक नाव पुकारायचं. त्या माणसानं तीनदा "नको, नको" म्हणायचं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, की झाली निवडणूक. काकांच्या "नको"कडे कुणी लक्ष द्यायचं नाही, म्हणून ते अध्यक्ष होते. तरी मी फोन केला.

"काका, मी अध्यक्षपदासाठी उभा राहतोय."

"घ्या ना मग, जावईबापू! मी तर केव्हाचा म्हणून राहिलो. उद्या चाव्या आणून देऊ का?"

"तसं नको, काका. तुम्ही माझ्याविरुद्ध उभे राहा."

"काहून?"

"मला जनतेचा कौल हवाय."

मग काका म्हणाले, "मेधा बरी आहे ना? तिला फोन द्या बरं जरा."

पण मी मागे हटलो नाही. आयतं मिळालेलं अध्यक्षपद म्हणजे पुन्हा 'मेधाच्या मिस्टरांना द्या' हेच! प्रचाराची पहिली पायरी म्हणजे कुटुंबाचा फोटो. अमेरिकेत उमेदवाराकडे हसरी बायको, गुणी मूल आणि कुत्रा लागतो. बायको होती (हसरी नव्हती). तेरा वर्षांची सई होती. कुत्रा शेजाऱ्यांकडून आणला. हिरवळीवर उभे राहिलो, मी दूरवर भविष्याकडे बघितलं, आणि कुत्र्यानं खारीकडे बघितलं. त्याचा पट्टा माझ्या हातात होता. पोस्टरवर जो फोटो गेला त्यात मेधा आणि सई पोट धरून हसतायत आणि कोपऱ्यात माझा एक बूट दिसतोय. नाव मुद्दामच घातलं नव्हतं. चेहरा पुरेसा असतो, असं टीव्हीवरच्या एका तज्ज्ञाचं मत होतं. खाली फक्त घोषणा: 'आता बदल!'

"आधी बेसमेंटमधला बल्ब बदल," मेधा म्हणाली.

लोकांना पोस्टर फार आवडलं. "मेधाचा काय सुंदर फोटो आलाय!" असे सहा फोन आले.

मग मी ब्रह्मास्त्र काढायचं ठरवलं. प्रतिस्पर्ध्याची बदनामी करणारी जाहिरात! काळंपांढरं चित्र, खर्जातला आवाज, आणि शेवटी एक भयंकर प्रश्न. पण काकांच्या विरुद्ध बोलायचं काय? आयुष्यात त्यांनी कुणाचं वाकडं केलेलं नाही. शोधता शोधता मला गणपतीच्या जेवणाचं माझंच शूटिंग सापडलं. त्या जेवणात आमटी पातळ झाली होती. पातळ म्हणजे किती? डाव वर उचलला की खाली धार लागायची आणि त्या धारेतून पलीकडचा माणूस दिसायचा! भर जेवणात ठोंबरेकाका अध्यक्ष असताना हे घडलं होतं. मी तो डाव संथ गतीत घेतला. मग पातेल्याचा क्लोज-अप. आणखी क्लोज-अप. सईकडून खर्जात आवाज देऊन घेतला. (तिचा मराठी उच्चार मुळातच परकीय, त्यामुळे ऐकून अंगावर काटा यायचा.)

रेकॉर्डिंग झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, आर यू शुअर अबाउट द आमटी?"

"शुअर म्हणजे?"

"डू यू ईव्हन नो हू मेड इट?"

"कुणी केली हा प्रश्नच नाही, सई! हा लीडरशिपचा प्रश्न आहे."

"ओके. आय ट्राइड."

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या जिममध्ये होता. बास्केटबॉलच्या रिंगला जाळी बांधून मी तीत फुगे भरले. नव्या अध्यक्षांचं नाव जाहीर झालं की दोरी ओढायची, असं सईला बजावून ठेवलं. मग मी ढाण ढाण संगीताच्या तालावर, नाचत, प्रेक्षकांतून वाट काढत स्टेजवर आलो. एकच अडचण झाली. मंडळाचा साउंडवाला मीच! त्यामुळे संगीत बंद करायला मला नाचतच परत मागे जावं लागलं, आणि तिथून पुन्हा स्टेजवर धापा टाकत. लोकांना वाटलं लहान मुलांचे नाच सुरू झाले. दोघातिघांनी आपापली पोरं आणून स्टेजवर सोडली.

पोरं खाली उतरवली, दिवे घालवले आणि जाहिरात लावली. भिंतभर पडद्यावर तो डाव उठला. धार लागली. सईचा आवाज घुमला: "ही आमटी आहे... की पाणी? ठोंबरेकाकांच्या राज्यात... डाळ गेली कुठे?"

सगळे माना वर करून पडद्याकडे बघू लागले. माझी छाती फुगली. पडद्यावर पातेल्याचा क्लोज-अप आला. मग आणखी क्लोज-अप आला.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या मंडळात सगळ्यांची भांडी एकत्र होतात. ती ज्याच्या त्याच्या घरी परत जावीत म्हणून प्रत्येक घरातल्या बाईनं भांड्याच्या कानाखाली नेलपॉलिशनं आद्याक्षरं लिहायची पद्धत आहे. लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर ती मला दिसलीच नव्हती. जिमच्या भिंतीवर मात्र ती माणसाएवढी दिसली: 'मे. खो.'

मंडळात मे. खो. एकच आहे. ती पहिल्या रांगेत बसली होती.

आणि तेव्हा मला आठवलं, की ते पातेलं गणपतीच्या सकाळी मीच मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून नेलं होतं! आत काय आहे हे मी विचारलं नव्हतं. पातेल्यावर झाकण होतं आणि मी रेडिओवर अमेरिकेची निवडणूक ऐकत होतो.

दिवे लागले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे मेधाकडे बघत होते. मेधा तेवढी माझ्याकडे बघत होती.

ठोंबरेकाका सावकाश उठले. "जावईबापू, बरं झालं तुम्ही विषय काढला. मंडळी, त्या दिवशी काय झालं होतं माहीत आहे का? जेवण अर्ध्यावर आलं आणि युनिव्हर्सिटीतली पोरं आली, न सांगता. पन्नासेक असतील. घर सोडून पहिलाच गणपती त्यांचा. मी तर घाबरून गेलो बाप्पा! मेधा म्हणाली, काका, तुम्ही पंगत वाढवा, आमटीचं मी बघते. पाणी घातलं, तिखटमीठ घातलं, गूळ घातला, उकळी आणली. एकही पोरगं उपाशी गेलं नाही."

मागच्या रांगेत ती पोरं बसलीच होती. "मेधाकाकू!" असा पुकारा झाला. मग शिट्ट्या, मग पायांचा ताल. सहा महिने टीव्हीवर जे बघत आलो ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, फक्त उमेदवार चुकला होता!

"मेधाचं नाव सुचवतो," काका म्हणाले आणि रीतीप्रमाणे तिच्या तीन नकारांची वाट बघू लागले.

मेधा उठली, स्टेजवर आली, माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाली, "हो."

मंडळाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. सईनं दोरी ओढली. (गुणी मूल!) सगळे फुगे मेधाच्या डोक्यावर पडले आणि काय सांगू, ती फार सुंदर दिसत होती. मीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. माझ्या एवढ्या सगळ्या तयारीनं कुणीतरी निवडून आलं होतं, आणि ते माणूस खरंच लायक होतं.

गाडीत बसल्यावर मी चाचरत म्हटलं, "सॉरी. मला माहीत नव्हतं गं, ती आमटी तुझी होती."

"ते सोड. अमेरिकेत अध्यक्षाच्या बायकोला काहीतरी सामाजिक काम देतात ना?"

"देतात. मुलांचं आरोग्य, वाचन, असं काहीतरी. का?"

"अध्यक्षाच्या नवऱ्यालाही देऊ या. तू आमटी घे."

पुढच्या गणपतीला मी पहाटेपासून आमटी केली. दीडशे माणसांची! पंगत बसली, मी डाव उचलला आणि खाली धार लागली. समोरच्या पोरानं धारेतून पलीकडे बघितलं आणि विचारलं, "काका, ही कुणी केली?"

सांगायची गरज नव्हती. मेधानं आदल्या दिवशी पातेल्यावरची जुनी अक्षरं पुसून टाकली होती. लाल नेलपॉलिशची अख्खी बाटली संपवून, मागच्या रांगेतूनही वाचता येईल अशा अक्षरांत, तिथे लिहिलं होतं: मिलिंद गजानन खोपकर. बारा वर्षांनी सगळ्या मंडळाला माझं नाव कळलं. तेही वडिलांसकट!