देशाच्या कर्जातला मामांचा वाटा

देशावर कर्ज आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्या कर्जापायी ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मंत्री बदलतात, सरकारं बदलतात, प्रत्येक जण आधीच्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. मामांना असं बोट दाखवायला कोणी नव्हतं. त्यामुळे शेलूबाजारातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, खाटेवर बसून, ते हे सगळं ओझं एकट्याने वाहत होते. आमच्या लग्नात सासऱ्यांनी ओळख करून दिली तेव्हा मी वाकून नमस्कार केला. मामांनी आशीर्वाद द्यायच्या आधी विचारलं, "जवाईबुवा, तुमच्या डोक्यावर किती कर्ज हाय, मालूम हाय काय?" मी घाबरलो. मोटरसायकलचे हप्ते सोडले तर काही नाही, असं मी सासऱ्यांकडे बघत सांगितलं. मामा म्हणाले, मोटरसायकलचं नाही, देशाचं. मग त्यांनी माणशी येणारा आकडा सांगितला आणि त्यात आता तुमच्या बायकोचाही धरा म्हणून आठवण करून दिली. तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तो दर वर्षी वाढायचा आणि मामा दर वर्षी नवा सांगायचे.

मामांची नोकरी रोजगार हमीच्या कामांवर हजेरी लिहिण्याची. पाझर तलाव, नाला बांध, खडी फोडायचं काम, जिथे माणसं राबत तिथे मामा वही घेऊन उभे. पुढे कायम झाले, निवृत्त झाले, पेन्शन लागली. सरकारचा खर्च हा आपल्याला वर्तमानपत्रातला आकडा असतो, मामांना तो टिकाव-फावड्यासकट दिसायचा. ज्या बाईने दिवसभर माती वाहिली तिचा दिवस वहीत आला नाही तर तिच्या घरी काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून एकाही माणसाची हजेरी लिहायची राहिली तर ते जागचे हलत नसत. कोणाचं काही ठेवून जायचं नाही, हा त्यांचा एकच धर्म. निवृत्तीनंतर वही गेली, धर्म राहिला, आणि राबवायला दुसरं काही नाही म्हणून तो थेट देशाच्या तिजोरीवर जाऊन बसला.

एक फेब्रुवारीला, देशाच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी, मामांकडे कोणी जायचं नाही, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. त्या दिवशी ते सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसत आणि भाषण संपेपर्यंत पाणीसुद्धा पीत नसत. अशाच एका भाषणातून त्यांनी दोन शब्द उचलले, महसुली खर्च आणि भांडवली खर्च. जो खर्च करून संपला तो महसुली, आणि ज्यातून पुढे काही उभं राहतं तो भांडवली, एवढं त्यांनी समजून घेतलं आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्याची त्या दोन खणांत वाटणी करून टाकली. जिलबी महसुली, शिलाई मशीन भांडवली. माझा चष्मा भांडवली, बायकोची साडी महसुली, यावर घरात जो काथ्याकूट झाला तो मी विसरायचा प्रयत्न करतो. मंगरूळपीरला एका लग्नात यजमानाने कौतुकाने विचारलं, जेवण कसं झालं. मामा म्हणाले, जेवण चांगलं आहे, पण महसुली आहे. बारशाला गेले तर पाळण्यातल्या पोराच्या मुठीत नोट ठेवून म्हणाले, "बापा, आल्या आल्याच कर्जदार झालास ना तू." त्या पोराची आजी त्यांच्याशी दोन वर्षं बोलली नाही.

सरकारी वस्तू दिसली की ती आपल्याच पैशांची आहे म्हणून ते तिची काळजी घेत. एसटीच्या बाकावर बसायच्या आधी बाक पुसत आणि उठल्यावर पुन्हा पुसत. दिवसा जळणारा खांबावरचा दिवा बंद करायला त्यांनी एक लांब वेळूची काठी करून घेतली होती. रस्त्याच्या कामावर लावलेली पाटी आपण कधी वाचत नाही. मामा देवळात चपला काढून उभं राहावं तसे तिच्यापुढे उभे राहून वाचत, कामाचं नाव, लांबी, अंदाजित खर्च. गावाबाहेरचा एक जोडरस्ता त्यांनी पावलांनी मोजला तेव्हा बराच कमी भरला. ठेकेदाराच्या माणसाला त्यांनी भर उन्हात उभं करून जाब विचारला. नंतर कळलं की रस्ता नाल्याच्या पलीकडेही जातो, मामांनी अलीकडचाच मोजून अर्ध्यात सोडला होता. ते दुसऱ्या दिवशी जाऊन त्या माणसाची माफी मागून आले, त्याला चहा पाजला आणि चहा महसुलीत धरला. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले की तिथल्या साहेबाला ते ओशाळून म्हणत, अजून एका सालाचा खर्च वाढवला मी तुमचा. हे ऐकून आम्ही हसायचो. पेन्शन घेताना लाजणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

या सगळ्यात मामी कुठे होत्या, हे मला फार उशिरा सुचलं. मामी चुलीपाशी होत्या, गोठ्यात होत्या, आणि गेली काही वर्षं भिंतीला धरून चालत होत्या. त्यांचे गुडघे पार गेले होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधाने होणार नाही, बदलावे लागतील, निदान उजवा तरी लगेच. पैशांचा प्रश्नही नव्हता. मामींनी एका म्हशीच्या दुधावर वर्षानुवर्षं चार-चार पैसे मागे टाकले होते आणि ते पोस्टात बचत प्रमाणपत्रं घेऊन ठेवले होते. मुदत संपली की त्या व्याजासकट पुन्हा ठेवत. पण मामांनी गुडघा देखभाल-दुरुस्तीच्या सदरात टाकला होता. देखभाल-दुरुस्ती म्हणजे महसुली, आणि महसुली म्हणजे थांबू शकतं. विषय निघाला की ते सरकारसारखंच म्हणत, पुरवणी मागण्यांत घेऊ, म्हणजे नंतर कधीतरी. मामी यावर काही बोलत नसत. मीही बोललो नाही. जावयाने सासरच्या माणसांच्या खर्चात तोंड घालू नये, अशी मी माझी सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

मामांना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा भाच्यांनी जेवण घालायचं ठरवलं. मामांनी ते मोडून काढलं. त्यांचा बेत वेगळा होता. देशाच्या कर्जातला आपला आणि मामींचा, असा दोघांचा वाटा भरून टाकायचा आणि मोकळं व्हायचं. त्यांनी हिशेब केला होता. दोन माणसांचा वाटा आणि मामींचं यंदा मुदत संपणारं प्रमाणपत्र, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे भरत होते, आणि हा त्यांना देवाचाच इशारा वाटला. मी ऐकून हसलो. मग पाहिलं तर मामा हसत नव्हते. मी गुडघ्याचं नाव काढलं. ते म्हणाले, "गुडघा तिचा दुखते, पन कर्ज ठेवून मेलो तर दुखनं नातवाईले लागीन. कोनतं मोठं हाय, तुमीच सांगा." मी मराठी शिकवणारा माणूस. मला हे चुकीचं आहे एवढं कळत होतं, कुठे चुकतंय ते सांगता येत नव्हतं.

साक्षीदार म्हणून मला मंगरूळपीरच्या उपकोषागारात नेलं. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे सगळं ऐकलं. असे पैसे घ्यायचे तर चलनावर लेखाशीर्ष, म्हणजे पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे ते, लिहावं लागतं, आणि नागरिकाने देशाचं कर्ज परत केलं असं लेखाशीर्षच नाही, असं तो म्हणाला. मग त्याने सुचवलं की एखाद्या मदतनिधीत टाका. मामांचा चेहरा पडला. "मी दान नाई करून राह्यलो साहेब," ते म्हणाले, "देनं देऊन राह्यलो." आमच्या मागे रांग लांबत चालली होती. वर विचारून पाहतो, असं सांगून अधिकाऱ्याने आम्हाला वाटेला लावलं. मामांनी त्याचा अर्थ अर्धी मंजुरी असा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी पैसे हातात हवेत म्हणून पोस्टात जायचं ठरवलं. प्रमाणपत्र मामींच्या नावावर, म्हणजे सही मामींची लागणार होती.

गावातल्या पोस्टाला तीन पायऱ्या आहेत. आपण त्या मोजत नाही. मामी पहिली पायरी चढल्या आणि थांबल्या. दुसऱ्या पायरीवर चक्क बसल्या, पदराने तोंड पुसलं, मग माझा हात धरून उठल्या. मामा तोवर आत खिडकीशी पोहोचले होते. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

पोस्टमास्तर बाई होत्या, पन्नाशीच्या, मामींना चांगल्या ओळखणाऱ्या. त्यांनी मामींना आत खुर्चीवर बसवलं आणि सहज विचारलं, काकू, या वेळी पुन्हा ठेवायचे नाहीत का. उत्तर मामांनी दिलं, आणि अभिमानाने दिलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, काकूंचे पैसे या पेटीत आहेत असं वाटतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "ते केव्हाच सरकारकडे गेले. काकूंनी सरकारला ते उसने दिलेत. तुम्ही ज्याला देशाचं कर्ज म्हणता ना, त्यात हेही आहेत."

मामा खिडकीची जाळी धरून उभे राहिले. मग देशाला कर्ज देतं कोण, असं त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, बरंचसं आपणच देतो, कोणी पोस्टातून, कोणी बँकेतून, कोणी विम्यातून. बाहेरच्यांचं त्या मानाने थोडं. तुम्ही आता सरकारकडून काकूंचे पैसे परत घेणार आणि त्याच सरकारला नेऊन देणार, त्यात देशाचं कर्ज फिटणार ते काकूंचंच, फक्त काकूंच्या हातात काही उरणार नाही. मामांनी चिकाटी सोडली नाही. असं किती दिवस चालणार, कधीतरी फेडावं लागेल की नाही, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, माणूस थकतो आणि त्याची कमाई थांबते, म्हणून त्याला सगळं फेडून जावं लागतं. देशाची कमाई चालू राहते. तो जुनं देतो, नवं घेतो, काकू करतात तसंच उलट बाजूने. काळजी करायची तर दोन गोष्टींची करा. घेतलेल्या पैशातून काय उभं राहिलं, आणि सगळी कमाई व्याजातच जायला लागली की नाही. त्यासाठी डोळे उघडे ठेवा, मत द्या, प्रश्न विचारा. तुमचा वाटा तो.

तेवढ्यात खुर्चीवरून मामी बोलल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता.

"बाई, म्हंजे देशच माह्यं देनं लागते?"

बाई म्हणाल्या, हो काकू, व्याजासकट.

"मंग घेऊन घ्या माही सही," मामी म्हणाल्या. "मले माह्ये पैसे वापस पायजेत. मले गुडघा करायचा हाय."

त्यांनी मामांकडे पाहिलंही नाही. सही करायला त्यांना वेळ लागला, अक्षरं एकेक करून उमटली. कोणाचं देणं राहू नये म्हणून जन्मभर भांडलेला माणूस या सहीला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होता?

ऑपरेशन अकोल्याला झालं. दवाखान्यात रात्री थांबायला बायका होत्या, पण मामा हलले नाहीत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने गुडघा किती वाकवायचा, किती मोजेपर्यंत धरायचा हे एकदा दाखवलं. ते मामांनी असं पाठ केलं की मामींना त्यांच्यापासून सुटका नव्हती. त्या कळवळल्या की मामांच्याच डोळ्यांत पाणी यायचं. एका दुपारी मामींना झोप लागली होती. मी डबा घेऊन गेलो तर मामा पलंगाच्या पायाशी बसले होते. मग म्हणाले, "साराईची हजेरी लेहली म्या, जवाईबुवा. हे घरात राबून राह्यली, अन् हिचा एक दिवस म्या कोनत्याच वहीत लेहला नाई." मी डब्याचं झाकण उघडलं आणि पोळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

आता या गोष्टीला दोन वर्षं होत आली. मामा भाषण अजून ऐकतात, पण मध्ये उठून मामींना चहा करून देतात. आकडा सांगत नाहीत. गेल्या वेळी मीच विचारलं, यंदा माणशी किती आलं, तर म्हणाले, पाहावं लागेल. आमच्या घरातल्या मुलांना याचं काही वाटत नाही. मला मात्र चुकल्या-चुकल्यासारखं झालं. देशासाठी एवढा जीव जाळणारं आमच्याकडे दुसरं कोणी नाही, आणि आम्ही सगळे त्यांना हसत होतो.

मागच्या महिन्यात संध्याकाळी शेलूबाजारला उतरलो तेव्हा ते दोघं फिरायला निघालेले दिसले. मामा खूप वाळले आहेत, दम लागतो, दर थोड्या वेळाने थांबतात. मला पाहून ते थांबले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मी बसा म्हटलं, घाई काय आहे. त्यांनी मान हलवली. मामी बऱ्याच पुढे गेल्या होत्या, पदर खोचून, मागे न बघता, आणि मामांना त्यांना गाठायचं होतं.