घेऊ की नको

विकाऊ घर तपासायला शिरले की ते आधी बूट-मोजे काढायचे आणि अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने चालत सुटायचे. फिरून झालं की म्हणायचे, "घ्या." नाहीतर, "नका घेऊ." संपलं.

लंडनच्या हाउन्सलोत ते आमच्या शेजारी राहत. नागपूरला पंचवीस वर्षं इमारतींच्या कामावर देखरेख केलेली. इथे विमानतळाच्या गोदामात नोकरी, आणि रविवारी आपल्या लोकांना, घेण्याआधी, घरं बघून देणं. ओल त्यांना तळपायाला कळायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामात पक्की, कागदात कच्ची.

या देशात घर तपासायला सरकारी परवाना लागत नाही. कोणीही तपासावं. कर्ज देताना बँक मात्र घर तपासणाऱ्यांच्या संस्थेच्या सभासदाचंच ऐकते. पुण्याहून आलेल्या एका कॉम्प्युटरवाल्याने त्यांना तोंडावर विचारलं, "काका, तुम्ही सर्टिफाइड आहात का?" ते लागलं त्यांना. अठ्ठावन्नाव्या वर्षी संस्थेच्या परीक्षेच्या अभ्यासाला बसले.

परीक्षकाने विचारलं, ओल कशाने मोजली? हे म्हणाले, "पायाने." नापास.

मी म्हटलं, "अहो, दाखवायपुरतं तरी यंत्र लावायचं!"

"आधीच कळलेलं पुन्हा काय मोजू, मावशी?"

दमले होते, तरी पुन्हा बसले. चौथ्या वर्षी पास झाले. नावापुढे इंग्रजी अक्षरं आली. मी पेढा खाल्ला.

पुढे माझ्या नातीने एक घर पसंत केलं. तपासायला त्यांनाच बोलावलं. रिपोर्ट आला आणि नातीचा फोन.

"आजी, सिक्स्टी पेजेस आहेत! पण घर घ्यायचं की नाही, ते कुठेच नाही."

मी शेजारी गेले. "घ्यावं की नको, एवढंच सांगा."

"रिपोर्टमध्ये लिहिलंय, मावशी."

"मला कुठे इंग्रजी वाचता येतं?"

"तोंडी सांगता येत नाही आता. उद्या कोणी तक्रार केली तर सभासदत्व जाईल. फार वर्षं घातली हो त्यात."

चहा निवला. ते खिडकीतून कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत बसले. मी उठेपर्यंत बोलले नाहीत.

घरी येऊन नातीला सांगितलं, "सोड ते घर."

"काका काय म्हणाले?"

"काही नाही. चांगलं असतं तर एवढा वेळ गप्प बसले नसते."

गेल्या हिवाळ्यात ते वारले. नात अजून घरं बघतेच आहे. परवा विचारत होती, आता तपासायला कोणाला बोलवू?

म्हटलं, "बोलव कोणालाही. रिपोर्ट सगळेच देतात."