दहा मिनिटांची बाई

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला अकरा वर्षांत कुणी नावानं हाक मारली नव्हती. साधा प्रवासी "अहो मॅडम" म्हणायचा, चिडलेला नुसताच "अहो" म्हणायचा आणि ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी चौकशीबाई म्हणायची. काचेला खाली अर्धगोल भोक, आत ती, तिच्यापुढे माइक आणि माइकशेजारी डेपोचा फोन. माइकचं बटण दाबलं की तिच्या आवाजात साखर पडायची. बटण सोडलं की साखर परत डब्यात.

फोन वाजायचा. पलीकडून डेपोवाला सांगायचा, "चार नंबरची गाडी अजून गॅरेजात उघडी पडलीय. चाळीस मिनिटं धरा." ही बाई घसा खाकरायची, बटण दाबायची आणि सांगायची, "चार नंबरच्या फलाटावरची गाडी दहा मिनिटांत लागत आहे." दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा तेच, फक्त "कृपया" जास्तीचं.

याला ती खोटं बोलणं म्हणत नसे. चाळीस मिनिटं म्हटलं की चाळीस माणसं खिडकीवर चालून येतात आणि दहा म्हटलं की रस्त्याकडे बघत गप उभी राहतात, हे तिनं पहिल्याच महिन्यात ताडलं होतं. मग सवयच लागली. कुणी कितीही वेळ सांगो, तिच्या डोक्यात आपोआप त्याला चारानं भाग जायचा. नवरा म्हणाला, "तासाभरात येतो," की ही पंधराव्या मिनिटाला दारात. नवरा बिचारा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरी येऊन बोलणी खायचा.

आणि अशा या बाईचेच दिवस भरून वर दहा दिवस उलटले. पहिलंच बाळंतपण. बाळ पोटात मजेत लाथा झाडत होतं, पण बाहेर येण्याचं नाव घेईना.

"आता जास्त थांबायला नको," डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. "पाणी थोडं कमी होतंय. मंगळवारी सकाळी आठला दाखल व्हा, आपण कळा सुरू करायचं औषध देऊ. पण एक लक्षात ठेवा, औषध दिलं की लगेच बाळ झालं असं नसतं. पहिलटकरणीला चोवीस ते अठ्ठावीस तास सहज लागतात. कधी जास्तही. आणि कधी शरीर औषधाला दादच देत नाही, मग ऑपरेशन."

चौकशीबाईंनी मान डोलावली. डोक्यात भागाकार कधीच झाला होता. अठ्ठावीस भागिले चार, सात. आठ आणि सात, दुपारचे तीन. घरी आल्यावर तिनं चक्क वेळापत्रक लिहून काढलं. आठ वाजता दाखल. नऊला औषध. बाराला कळा. तीनला बाळ. साडेतीनपासून भेटीची वेळ. एक प्रत सासूबाईंना, एक नणंदेला, एक नवऱ्याच्या खिशात.

"असं वेळेवर होतं का गं?" सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं.

"आता सगळं औषधानं होतं, आई. आपण ठरवायचं, बाळानं यायचं."

सासूबाईंना चार मुलं झाली होती आणि एकानंही त्यांना विचारून पाऊल टाकलं नव्हतं.

मंगळवारी आठला पाच मिनिटं कमी असताना ती वॉर्डात हजर. सकाळपाळीच्या सिस्टर पन्नाशीच्या, बुटक्या, पायात पांढरे बूट आणि त्यांच्या टाचा एका बाजूनं झिजलेल्या. त्या खाली मान घालून फॉर्म भरत होत्या. चौकशीबाईंनी आपला माइकवरचा गोड आवाज काढला, "सिस्टर, साधारण किती वेळ लागेल?"

सिस्टरांचं पेन थांबलं. त्यांनी हळूच मान वर केली, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "परत विचारा बरं."

"किती वेळ लागेल म्हटलं?"

सिस्टरांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं हरवलेली वस्तू सापडल्यासारखा आनंद पसरला. "दहा मिनिटांत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लिहायला लागल्या.

पुढचा सगळा कारभार त्यांनी अगदी नीट केला. हातमोजे घालून आतून तपासलं. गर्भाशयाचं तोंड अजून घट्ट मिटलेलं आहे, जेमतेम एक बोट जातंय, ते मऊ व्हायला आत जेल ठेवतोय, थोडं चमकल्यासारखं होईल, असं एकेक सांगत गेल्या. पोटावर दोन पट्टे बांधले. एकानं बाळाचे ठोके मोजायचे, दुसऱ्यानं कळा. खोलीभर बाळाच्या ठोक्यांचा दुडूदुडू आवाज घुमू लागला. तासभर पडून राहायचं, मग खुशाल उठायचं, फिरायचं, हलकं काही खायचं. सगळं खरं सांगितलं. फक्त वेळ विचारली की त्या तेवढ्याच गोड आवाजात म्हणायच्या, "दहा मिनिटांत."

"कळा कधी येतील?" "दहा मिनिटांत."

"पुन्हा कधी तपासणार?" "दहा मिनिटांत."

बारा वाजले. वेळापत्रकाप्रमाणे कळा सुरू. प्रत्यक्षात चौकशीबाई कॉरिडॉरमध्ये केळं खात होत्या आणि कंबर किंचित भरून आली होती, इतकंच. दुपारी दोनला तपासलं तेव्हा एक बोट होतं त्याचं दीड झालं होतं.

"दीडच?" ती किंचाळली. "अहो, सहा तास झाले! सकाळपासून दहा मिनिटं, दहा मिनिटं करताय, थट्टा लावलीय का माझी?"

"थट्टा कसली!" सिस्टरांनी जेलची दुसरी मात्रा ठेवली, हातमोजे काढले आणि पर्स खांद्याला लावली. "माझी ड्यूटी संपली. निघते. अडीचची गाडी असते माझी, चार नंबरच्या फलाटावरची." मग दारात वळून त्यांनी हुबेहूब तिचाच आवाज काढला, तोच सूर, तीच साखर. "दहा मिनिटांत लागत आहे म्हणे."

कानापर्यंत लाल होणं म्हणजे काय, ते चौकशीबाईंना त्या दिवशी कळलं. अकरा वर्षं ती काचेआडून बोलत होती. पलीकडे ऐकणाऱ्याला कान असतात आणि त्या कानांना स्मरणशक्ती असते, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

साडेतीन वाजले. सासूबाई, नणंद, नणंदेच्या जावा, नवऱ्याच्या दुकानाचे मालक अशी नऊ माणसं दुपट्यांच्या पिशव्या घेऊन वेळापत्रकाप्रमाणे दारात उभी राहिली.

"कुठंय?" नणंदेनं विचारलं.

"इथंच आहे," चौकशीबाईंनी पोटावर हात ठेवला. "जरा... उशिरानं धावतंय."

सासूबाईंनी घडी घातलेलं वेळापत्रक काढलं, पाहिलं, शांतपणे पुन्हा घडी केली. त्यांना इतकं हसू येत होतं, की थर्मास उघडायच्या निमित्तानं त्यांना पाठ फिरवावी लागली.

संध्याकाळी कंबरेतून बारीक कळा यायला लागल्या, रात्र कूस बदलण्यात गेली. बुधवारी सकाळी आठला सिस्टर आल्या तेव्हा तीन बोटं झाली होती.

"तुम्ही रोज फलाटावर उभ्या असता?" चौकशीबाईंनी इकडेतिकडे बघत विचारलं. आवाजातली साखर संपली होती.

"नऊ वर्षं. आठवड्याचे सहा दिवस," सिस्टर पोटावर पट्टे आवळत म्हणाल्या. "फलाटावरचे सगळे तुम्हाला दहा मिनिटांची बाई म्हणतात, ठाऊकाय? सहा तास पायांवर काढून येते मी. तिथं बाक आहे, छान लांबलचक. पण नऊ वर्षांत एकदा टेकले नाही. दहा मिनिटांसाठी कोण बसतं? आणि बसलं नि गाडी आली तर धावायचं कुणी?"

चौकशीबाईंनी झिजलेल्या टाचांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी येऊन आकड्यासारख्या बारीक काडीनं पाण्याची पिशवी फोडली. दुखलं नाही, नुसतं कोमट पाणी वाहत राहिलं. मग हाताला ड्रिप लावली. थेंब यंत्रानं मोजून सोडायचे आणि दर अर्ध्या तासानं थोडे वाढवायचे. पहिल्या तासात चौकशीबाई नवऱ्याशी गप्पा मारत होत्या. दुसऱ्या तासात नवऱ्याला गप्प बस म्हणाल्या. तिसऱ्या तासात त्याचा शर्ट धरून, काचा घासणाऱ्यांच्या अख्ख्या जमातीचा उद्धार केला. औषधाच्या कळा अंगावर चालून येतात, त्यात दम खायला फट मिळत नाही. नवऱ्यानं शर्ट सोडवून घेतला नाही, तेवढं मात्र त्याच्या खात्यावर जमा.

साडेबाराला पोटावरच्या यंत्राचा दुडूदुडू आवाज हळू झाला. दुडू. दुडू. मग आणखी हळू.

चौकशीबाईंनी सगळ्यांच्या आधी ते ऐकलं. आवाजावरून गाडी ओळखणारे कान होते ते. "सिस्टर!"

सिस्टर आधीच हलल्या होत्या. त्यांनी ड्रिप बंद केली, तिला डाव्या कुशीवर वळवलं, घंटी दाबली. दारात सासूबाई थर्मास छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"डॉक्टर?" चौकशीबाईंचे दात वाजत होते. "डॉक्टर कधी येतील? माझं बाळ... सिस्टर, मला खरं सांगा. हात जोडते. माझ्यासारखं सांगू नका."

सिस्टर तिच्या तोंडाशी वाकल्या. अहो-जाहो कुठच्या कुठे गेलं. "इकडे बघ. माझ्याकडे बघ. डॉक्टर खालच्या मजल्यावर आहेत, दोन मिनिटांत येतील, म्हणजे दोनच. कळा जोरात आल्या की बाळाचे ठोके कधी असे उतरतात. ड्रिप बंद केली, कुशीवर केलं, आता बहुतेक वर येतील. आले नाहीत तर ऑपरेशन करून बाळ काढू, खोली तयार आहे. आले तर अर्ध्या तासानं ड्रिप पुन्हा हळू सुरू करू. बाळ कधी होईल ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण होईपर्यंत मी इथं उभी आहे. ती मला सवय आहे."

भीती गेली नाही. पण चौकशीबाईंना पाय टेकायला जागा मिळाल्यासारखं झालं. तिनं सिस्टरांचं मनगट घट्ट धरलं आणि कान लावून पडून राहिली. दुडू. दुडू. दुडूदुडू. डॉक्टरीणबाई धावत आत आल्या तेव्हा ठोके पूर्वीसारखे पळत होते. मोजून दोन मिनिटं झाली होती. तिनं घड्याळात पाहिलं होतं.

दोन वाजता दुपारपाळीच्या सिस्टर आल्या. जुन्या सिस्टरांनी त्यांच्या हातात फाईल दिली, पर्स मात्र उचलली नाही.

"तुमची अडीचची गाडी," चौकशीबाई दोन कळांच्या मध्ये धापा टाकत म्हणाल्या.

"येईल आपली सावकाश. तू आहेस कुठे खिडकीत, तिला लवकर आणायला?"

चार वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. तिनं आधी तोंड वाकडं करून सगळ्यांकडे रागानं पाहिलं आणि मग असा काही सूर लावला, की माइकची गरज नव्हती. तिला आईच्या छातीवर ठेवलं तेव्हा चौकशीबाई ढसाढसा रडल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "पंचवीस तास चाळीस मिनिटं उशीर."

"माफी मागा प्रवाशांची," सिस्टर म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

सहा महिन्यांनी चौकशीबाई परत काचेमागे बसल्या. पहिल्याच दिवशी दुपारी सव्वादोनला फोन वाजला. "चार नंबरची अडीचची गाडी. वाटेत टायर गेलंय. पन्नास मिनिटं धरा."

डोक्यातल्या भागाकारानं सवयीनं तोंड उघडलं. तिनं काचेतून बाहेर पाहिलं. फलाटावर तीसेक माणसं रस्त्याकडे माना वळवून उभी होती. त्यांत पांढरे बूट होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणारे. लांबलचक बाक मोकळा होता.

तिनं बटण दाबलं. साखर घालायचं राहूनच गेलं. "चार नंबरची गाडी वाटेत बंद पडली आहे. यायला पन्नास मिनिटं लागतील. पन्नास म्हणजे पन्नासच. बसून घ्या."

मग पंधराएक माणसं तावातावानं खिडकीकडे निघाली आणि पुढची दहा मिनिटं तिनं अर्धगोल भोकातून जन्मभराची बोलणी खाल्ली. एकानं तर वरच्या साहेबांचा नंबर मागितला, तोही तिनं दिला.

मधल्या एका माणसाच्या खांद्यावरून तिला फलाट दिसत होता. सिस्टर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी बूट काढून बाकाखाली सारले आणि दोन्ही पाय वर घेतले.